काढता येणारे पारदर्शक अलाइनर: छत्तिसाव्या वर्षी दात सरळ करून घ्यावेत का?

पाऊसपाणी (ठाणे)

नमस्कार. माझे वय 36 असून मी महाविद्यालयात शिकवते. शाळेत असताना मी दोन वर्षे तारा लावून दात सरळ करून घेतले होते. त्यानंतर दात परत सरकू नयेत म्हणून घालायला दिलेला रिटेनर बारावीच्या धामधुमीत एकदा कपाटात गेला, तो पुन्हा बाहेर आलाच नाही. आता खालचे पटाशीचे दात एकमेकांवर चढले आहेत, वरचा उजवा सुळा वळला आहे आणि खालच्या दातांच्या फटींत दरवर्षी न चुकता किटण साचते.

दोन ठिकाणी चौकशी केली. एका ऑर्थोडॉन्टिस्टांनी, म्हणजे दात सरळ करणाऱ्या दंतवैद्यांनी, दाताच्या रंगाच्या सिरॅमिक ब्रेसेससाठी (म्हणजे तारांसाठी) 55 हजार आणि अलाइनरसाठी, म्हणजे दातांवर बसणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकच्या ट्रेच्या मालिकेसाठी, 1 लाख 60 हजार सांगितले. दुसरीकडे, म्हणजे घरी येऊन माप घेणाऱ्या एका कंपनीने, 72 हजारांत सगळे करून देतो, हप्तेही लावून देतो, असे सांगितले. एकाच तोंडासाठी एवढा फरक का पडावा हे मला कळलेले नाही. शिवाय जाहिरातींत फक्त फायदेच दिसतात आणि ज्यांना त्रास झाला ते फक्त त्रासाविषयीच लिहितात. ज्यांनी अलाइनर वापरले आहेत किंवा विचारपूर्वक नाकारले आहेत, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे.

तिसरी_घंटा (पुणे)

माझे अलाइनर चौदा महिने चालले आणि उपचार पूर्ण झाला. दात चांगले बसले आहेत, हे आधीच सांगते, म्हणजे पुढची तक्रार वाचून गैरसमज होणार नाही.

दिवसातून 20 ते 22 तास ट्रे तोंडात हवा, हे वाक्य डॉक्टरांनी सांगितले तेव्हा सोपे वाटले होते. घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा त्याचा अर्थ समजला. ट्रे घालून साध्या पाण्याखेरीज काहीही खायचे-प्यायचे नसते. गरम चहाने प्लास्टिकचा आकार बिघडतो, गोड पेय ट्रेच्या आत दातांना चिकटून राहते आणि हळदीने ट्रे आठवड्यात पिवळा होतो. म्हणजे न्याहारी, दोन जेवणे, प्रत्येक चहा आणि त्यानंतरचे प्रत्येक दात घासणे हे सगळे मिळून दोन तासांत, फार तर चारांत, बसवायचे. माझ्या घरात सकाळचा चहा दोनदा होतो, अकराला एक, चारला एक, आणि कोणी आले की त्यांच्याबरोबर अर्धा कप. शिवाय येता-जाता डब्यातून चिवड्याची मूठ उचलणे हे मी खाण्यात धरतच नव्हते. पहिल्या महिन्यात माझा ट्रे दिवसाला जेमतेम सोळा तास तोंडात असायचा आणि चौथा ट्रे बसेनासा झाला, तेव्हा डॉक्टरांनी तिसऱ्यावर परत नेले. ते दोन आठवडे माझ्याच हाताने वाया गेले.

फायदा असा झाला की मधल्या वेळचे खाणे आपोआप बंद झाले आणि चार किलो वजन उतरले. तोटा असा की भावाच्या लग्नात जेवताना ट्रे कागदी रुमालात गुंडाळून ताटाजवळ ठेवला आणि तो ताटासकट गेला. पैठणी नेसून मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात उष्ट्या ताटांचा ढीग उपसणारी नवरदेवाची बहीण ज्यांनी पाहिली, त्यांना ती अजून आठवते. ट्रे मिळाला नाही. डबी नेहमी पर्समध्ये ठेवावी आणि ट्रे डबीखेरीज कुठेही ठेवू नये, एवढे यातून शिकले.

मिरजेचा_दंतवैद्य

मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे. तारा आणि अलाइनर दोन्हींनी उपचार करतो आणि दोन्हींतून माझे उत्पन्न होते, तेव्हा माझे म्हणणे तेवढे ध्यानात ठेवून वाचावे.

प्रथम हे काम कसे होते ते सांगतो, कारण किंमत, कालावधी आणि तक्रारी यांची उत्तरे त्यातच आहेत. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. दातावर सातत्याने हलका दाब आला की ज्या बाजूला तंतू दाबले जातात तिकडचे हाड झिजते आणि ज्या बाजूला ते ताणले जातात तिकडे नवे हाड तयार होते. दात सरकतो तो असा. तारेने दाब द्यावा की प्लास्टिकने, हाडाला फरक पडत नाही. फरक पडतो तो दाब सातत्याने मिळतो की नाही, याने. अलाइनरच्या मालिकेतील प्रत्येक ट्रे आधीच्यापेक्षा किंचित वेगळा असतो, साधारणपणे एका ट्रेमागे दात पाव मिलिमीटर हलवणे अपेक्षित असते आणि एक ते दोन आठवड्यांनी ट्रे बदलतो. ट्रे तोंडाबाहेर राहिला की दात मागे फिरू लागतो आणि पुढचा ट्रे घट्ट होतो. वर ताईंना आलेला अनुभव हाच आहे.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेतील केसलिंग या दंतवैद्याने 1945 साली मेणात दात हवे तसे मांडून त्यावरून रबराचे साधन बनवण्याची पद्धत मांडली होती आणि दात टप्प्याटप्प्याने हलवण्यासाठी अशा साधनांची मालिका वापरता येईल, हेही त्याला दिसले होते. प्रत्येक टप्पा हाताने घडवणे मात्र व्यवहारात जमण्यासारखे नव्हते. संगणकावर दात हलवून त्रिमितीय छपाईने साचे काढणे शक्य झाले, तेव्हा 1997 साली कॅलिफोर्नियात अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी स्थापन झाली आणि 1999 पासून तिचे इनव्हिजलाइन हे अलाइनर बाजारात आले. तिच्या मूळ पेटंटांपैकी महत्त्वाच्या पेटंटांची मुदत 2017 मध्ये संपू लागली. त्यानंतर जगभर आणि भारतातही अनेक कंपन्या उतरल्या. आज आपल्याला मोबाइलवर ज्या जाहिराती दिसतात, त्यांच्यामागे हे एक मोठे कारण आहे.

आता मर्यादा. ट्रे दाताला ढकलू शकतो, पण पकडून ओढणे किंवा फिरवणे त्याला अवघड जाते. म्हणून दातांवर दाताच्याच रंगाच्या कॉम्पोझिटचे (दात भरण्यासाठी वापरतात त्या पदार्थाचे) लहान उंचवटे चिकटवतात, त्यांना अटॅचमेंट म्हणतात. जाहिरातीतील गुळगुळीत, कोणालाच न दिसणारा ट्रे आणि प्रत्यक्षातील तोंड यांत हा पहिला फरक. दुसरा फरक असा की गर्दी असलेल्या दातांना जागा हवी असते आणि ती बऱ्याचदा दोन दातांमधील एनॅमल, म्हणजे दाताचे वरचे कठीण आवरण, मिलिमीटरच्या एखाद्या-दोन दशांशाने घासून काढावी लागते. योग्य प्रमाणात केल्यास ते सुरक्षित आहे, परंतु घासलेले एनॅमल पुन्हा येत नाही, हे रुग्णाला आधी सांगायलाच हवे.

किंचित गर्दी, फटी, थोडे कललेले दात आणि तारा काढल्यावर पुन्हा सरकलेले दात यांत अलाइनर उत्तम काम करतात. मागच्या दाढांवर ट्रेचे आवरण असल्यामुळे, पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत अशा काही रुग्णांतही त्यांचा उपयोग होतो. गोल आकाराचा सुळा किंवा उपदाढ फिरवणे, दात हाडातून बाहेरच्या दिशेने ओढणे आणि उपदाढा काढून झालेली मोठी जागा मुळांसकट सरळ सरकवून भरणे यांत तारा अजून सरस आहेत. पडद्यावर जी हालचाल दाखवतात तिच्यातील किती प्रत्यक्षात उतरते, हे अमेरिकेत मोजले गेले आहे. 2009 सालच्या एका अभ्यासात पुढच्या दातांच्या बाबतीत सरासरी 41 टक्के, आणि त्याचाच पुढचा भाग असलेल्या 2020 सालच्या अभ्यासात 50 टक्के, असे उत्तर आले. याचा अर्थ उपचार निम्मेच होतात असा नाही. पहिला संच संपल्यावर पुन्हा स्कॅन करून पुढचा संच करावा लागतो, त्याला रिफाइनमेंट म्हणतात. तुम्हाला सांगितलेल्या 1 लाख 60 हजारांत हे पुढचे संच धरले आहेत का, आणि 72 हजारांत धरले आहेत का, हे विचारल्याशिवाय त्या दोन आकड्यांची तुलना करता येणार नाही.

घर_क्रमांक_सात (नाशिक)

माझ्या तेरा वर्षांच्या मुलासाठी हाच प्रश्न होता. त्याने या वर्षात दोन पाण्याच्या बाटल्या, एक कंपासपेटी आणि एक छत्री हरवली आहे. काढता येणारी महागडी वस्तू त्याच्या हाती देण्याची माझी हिंमत झाली नाही. काही कंपन्यांच्या मुलांच्या ट्रेवर वापराप्रमाणे फिका होत जाणारा निळा ठिपका असतो, असे कळले, पण रोज ठिपका तपासणारी आई मला व्हायचे नव्हते. ताराच लावल्या.

तारांचाही त्रास आहेच. गाल सोलवटतात, चिक्की-चकली बंद होते आणि रोज दहा मिनिटे दात घासूनही ब्रॅकेटभोवती (तार अडकवण्यासाठी दातावर चिकटवलेल्या तुकड्याभोवती) अन्न राहते. घासण्यात हयगय झाली तर तारा काढल्यावर तिथे पांढरे डाग दिसतात. अलाइनर काढून दात नेहमीसारखे घासता येतात. या एका बाबतीत मला त्यांचा हेवा वाटतो.

अर्धा_चंद्र (नवी मुंबई)

माझा अनुभव वाईट आहे आणि कंपनीचे नाव लिहिणार नाही, कारण तक्रार अजून चालू आहे.

घरी एक प्रशिक्षित म्हणवणारी व्यक्ती आली, तिने स्कॅन केला आणि दोन आठवड्यांत दात हलण्याचे चलच्चित्र मोबाइलवर आले. एक्स-रे काढला नाही. हिरड्या कोणी तपासल्या नाहीत. माझ्या योजनेवर कोणत्या डॉक्टरांची सही आहे, हे विचारल्यावर प्रत्येक वेळी वेगळे नाव सांगण्यात आले. सहाव्या महिन्यात पुढचे दात आरशात सुरेख दिसू लागले, त्यामुळे मीही गप्प बसलो. त्यानंतर लक्षात आले की मागच्या दाढा एकमेकींना टेकतच नाहीत. भाकरीचा घास चावताना तो नुसता दाबला जातो, तुटत नाही. खालच्या एका दाताची हिरडीही खाली सरकली. दुसऱ्या दवाखान्यात एक्स-रे काढल्यावर त्या दाताजवळचे हाड आधीपासूनच कमी असावे, असे सांगण्यात आले. म्हणजे त्याला हात लावण्यापूर्वीच कोणीतरी ते पाहायला हवे होते. 68 हजार तिथे गेले आणि आता दुरुस्तीसाठी तारा लावल्या आहेत.

मिरजेचा_दंतवैद्य

आपल्या तोंडाची तपासणी केल्याशिवाय मी निदान करणार नाही. दाढा न टेकण्याविषयी मात्र सर्वसाधारणपणे सांगता येईल. ट्रेची जाडी दिवसभर दाढांच्या मध्ये असल्यामुळे दाढा किंचित आत दाबल्या जाऊ शकतात. थोडी फट असेल तर ट्रेचा वापर कमी झाल्यावर ती बरेचदा आपोआप भरते, जास्त असेल तर उपचार करावे लागतात. नेमाने तपासणी होत असेल तर ही गोष्ट लवकर ध्यानात येते.

उपचारापूर्वी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, आवश्यक तेथे चेहऱ्याचा बाजूने घेतलेला एक्स-रे, आणि हिरड्यांची तपासणी या तीन गोष्टी टाळता येत नाहीत. हिरड्यांतून रक्त येत असेल, मधुमेह आटोक्यात नसेल किंवा तंबाखू-मिश्रीची सवय असेल, तर आधी हिरड्या बऱ्या कराव्या लागतात. सुजलेल्या हिरड्यांत दात हलवला तर हाड आणखी कमी होण्याचा धोका असतो.

घरपोच पद्धतीचा आणखी एक धोका आहे. अमेरिकेतील स्माइलडायरेक्टक्लब ही या प्रकारची मोठी कंपनी सप्टेंबर 2023 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि डिसेंबर 2023 मध्ये बंद झाली. अर्ध्यावर आलेल्या ग्राहकांचे उपचार तिथेच थांबले, आणि ज्यांनी हप्ते घेतले होते त्यांना हप्ते भरत राहावेत असे सांगण्यात आले. दवाखाना बंद पडला तर शेजारच्या गावातील डॉक्टर तारांचे काम पुढे चालवू शकतात. ट्रेची मालिका ज्या कंपनीच्या संगणकात आहे, ती कंपनीच गेली तर नव्याने सुरुवात करावी लागते.

निषाद (फोंडा)

उच्चारांविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. मी गायन शिकवतो. ट्रे घातल्यावर पहिले आठ-दहा दिवस माझा 'स' शिट्टीसारखा येत होता, हे बऱ्याच जणांना होते. मराठीत त्याहून अधिक अडचण येते ती चमच्यातल्या 'च' ची आणि जहाजातल्या 'ज' ची, कारण हे दोन्ही उच्चार जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकवून होतात आणि नेमके तिथेच प्लास्टिक असते. चहातला 'च' मात्र सुखरूप राहतो, कारण तो टाळूवर होतो. मी रोज वीस मिनिटे मोठ्याने वाचन केले आणि तिसऱ्या आठवड्यात जीभ सरावली. गाण्यातल्या आकारात, म्हणजे 'आ' लावून गाण्यात, काहीच फरक पडला नाही. गाण्याच्या बैठकीच्या वेळी ट्रे काढून ठेवतो आणि ते दोन तास त्या दिवसाच्या खात्यातून वजा होतात, म्हणून त्या दिवशी चहा बंद. तारा असत्या तर बैठकीपुरत्या त्या काढता आल्या नसत्या.

पाऊसपाणी (ठाणे)

निषाद, वर्गात दिवसाला चार तास बोलावे लागते, त्यामुळे आपला प्रतिसाद माझ्या फार कामाचा आहे. सुट्टीत पहिला ट्रे सुरू करावा, असे मनात आले.

सरळरेषा (नागपूर)

सर्व चर्चा 55 हजारांपासून वर चालली आहे, म्हणून एक मुद्दा मांडतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे ऑर्थोडॉन्टिक्सचे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तारांचे उपचार करतात आणि खर्च खासगी दवाखान्याच्या मानाने बराच कमी येतो. माझ्या पुतणीने तिथेच उपचार घेतले. रांगेत वेळ जातो, दर खेपेस अर्धा दिवस मोडतो आणि मध्येच विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेला तर दुसरा येतो. दात मात्र सरळ झाले. दिसू नये एवढ्यासाठी लाखभर रुपये जास्त द्यावेत का, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मते देऊ नयेत.

तिसरी_घंटा (पुणे)

सरळरेषा, दिसण्याचा मुद्दा इतका हलका नाही. माझ्या ओळखीत दोघींनी केवळ तारा दिसतील म्हणून दहा वर्षे उपचारच टाळले. शिवाय ट्रेमध्ये तार टोचून रविवारी दवाखाना शोधावा लागत नाही. नव्या ट्रेचा ठणका पहिले दोन दिवस असतो, म्हणून मी ट्रे रात्री झोपताना बदलत असे.

मिरजेचा_दंतवैद्य

रात्री बदलण्याची सूचना योग्य आहे. दुखल्यास पॅरासिटामॉल घेणे बरे. आयबुप्रोफेनसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या रोज घेत राहिल्यास दाताची हालचाल मंदावू शकते, कारण ज्या प्रक्रियेने हाड बदलते तिच्यातच त्या हस्तक्षेप करतात. एखाद्या गोळीने काही बिघडत नाही. ट्रे गरम पाण्याने धुऊ नये, कोमट किंवा साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावा. ट्रे दाताच्या कडेला नीट बसत नसेल तर चघळण्यासाठी रबरी तुकडा मिळतो, तो दिवसातून दोन वेळा चावावा.

पाऊसपाणी (ठाणे)

सर्वांचे आभार. काल पहिल्याच ऑर्थोडॉन्टिस्टांकडे पुन्हा गेले आणि या धाग्यावरचे प्रश्न वहीत लिहून नेले. त्यांनी ओपीजी काढला. हिरड्या ठीक आहेत, किटण आधी काढून घ्यायचे आहे. खालचे दात अलाइनरने सहज होतील, पण वरचा वळलेला सुळा कदाचित पूर्ण फिरणार नाही आणि शेवटी दोन-तीन महिने तेवढ्या भागाला तार लावावी लागेल, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. 1 लाख 60 हजारांत तीन वर्षांपर्यंतचे रिफाइनमेंट आहे, रिटेनर वेगळा. मी महिनाभर ट्रेशिवायच बावीस तासांची तालीम करून पाहणार आहे, म्हणजे खाणे-पिणे ठरलेल्या चार वेळांतच आणि प्रत्येक वेळेनंतर दात घासणे. ती जमली नाही तर सिरॅमिक ब्रेसेस लावून घेईन.

एक प्रश्न राहिला. या वेळी रिटेनर किती वर्षे?

मिरजेचा_दंतवैद्य

दात जागेवर राहावेत असे वाटते तोवर. तारांनी सरळ केलेले असोत वा अलाइनरने, दातांभोवतीचे तंतू त्यांना मागे ओढतात आणि वयोमानाने खालचे पुढचे दात तसेही गर्दी करतात. खालच्या दातांच्या मागे कायमची बारीक तार चिकटवून घ्यावी आणि रात्री पारदर्शक रिटेनर घालावा, असा सल्ला मी आपल्यासारख्या, एकदा दात परत फिरलेल्या रुग्णांना देतो. त्या तारेखाली सफाई करण्यासाठी वेगळा फ्लॉस लागतो आणि ती एका दातावरून सुटली तर रुग्णाला पत्ता लागत नाही, म्हणून सहा महिन्यांनी दाखवत जावे. रात्रीचा ट्रे काही काळाने झिजतो किंवा चिरतो, तो नवा करण्याचा खर्च आताच हिशेबात धरावा.

आणखी एक काम करावे. स्कॅनची एसटीएल फाइल (दातांच्या त्रिमितीय आकाराची संगणकीय नोंद) आणि एक्स-रे यांची प्रत मागून स्वतःजवळ ठेवावी. रिटेनर हरवला, गाव बदलले किंवा कंपनी बंद पडली, तर कोणत्याही प्रयोगशाळेत ती उपयोगी पडेल.

पाऊसपाणी (ठाणे)

फाइल आज मागितली. त्यांनी लगेच ईमेलवर पाठवली. तालमीचा आज पहिला दिवस होता आणि स्टाफरूममधील सव्वाअकराचा चहा मी सवयीने पिऊन टाकला. उद्यापासून मोजते.